टर्नर गेला, आणि त्याच्या वाटणीचे पैसेही गेले

23 जून 2025, सोमवार. पहाटे साडेपाचला आमच्या घरी टीव्ही लागला होता. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेचा सातवा सामना, इंडियाना पेसर्स विरुद्ध ओक्लाहोमा सिटी थंडर. भाचा आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये टायरीस हॅलिबर्टननं लांबून तीन बास्केट टाकले आणि आम्ही दोघं सोफ्यावरून उठून उभे राहिलो. थोड्याच वेळात चेंडू घेऊन पुढे झेपावताना तो कोसळला आणि पालथा पडून तळहातानं कोर्ट आपटत राहिला. उजव्या पायाचं ॲकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, तुटलं होतं. भाचा काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिला. इंडियाना 103-91 अशी हरली.

आठ दिवसांनी, 1 जुलैच्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, टर्नर गेला. मिलवॉकीला."

मायल्स टर्नर. इंडियानाचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू, सलग दहा वर्षं एकाच संघात. आता तो मिलवॉकी या दुसऱ्या संघाकडे निघाला होता. त्या रात्री भाच्यानं तीन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, मालक कंजूस आहे. दोन, टर्नरनं दगा दिला. आणि तीन, "जाऊ दे ना मग, त्याचे जे पैसे वाचले त्यात दुसरा सेंटर आणा." इंडियानाचे चाहते त्या आठवड्यात जगभर हेच तीन मुद्दे घेऊन भांडत होते. पहिल्या दोन मुद्द्यांवर मतभेद होऊ शकतात. तिसरा मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळलं की अमेरिकेतल्या उन्हाळ्यातल्या, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या, बहुतेक वादांची किल्ली हाती येते. म्हणून हा लेख.

आमचं इंडियानाशी नातं कसं जुळलं तेही सांगतो. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात. पहिला सामना शाळकरी मुलांसाठी होता. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला गेलो. पेसर्सनी 130-106 असा जिंकला आणि लहानग्या भाच्यानं परतीच्या लोकलमध्येच आपला संघ ठरवून टाकला. त्या पेसर्स संघात टर्नर होता, डोमांटास सबोनिस होता. समोर किंग्जकडे बडी हिल्ड होता. फेब्रुवारी 2022 मध्ये याच दोन संघांत मोठी अदलाबदल झाली. सबोनिस किंग्जकडे गेला, हिल्ड पेसर्सकडे आला, आणि त्याच्याबरोबर आला तरुण हॅलिबर्टन. वरळीत पाहिलेल्या त्या पेसर्सपैकी 2025 च्या अंतिम सामन्यापर्यंत संघात उरलेला बिनीचा खेळाडू एकच, टर्नर. त्यामुळे भाच्याच्या आवाजातलं दुःख मला पोचत होतं.

आयपीएलची थैली आणि एनबीएची पगारमर्यादा

आपल्याला खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची सवय आयपीएलनं लावली. तिथे हिशोब सरळ आहे. 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला 120 कोटी रुपयांची थैली होती. त्यातून संघात ठेवलेल्या खेळाडूंची रक्कम वजा करायची आणि उरलेल्या पैशात लिलावात बोली लावायची. कोलकात्यानं 2024 चा चषक जिंकून देणारा कर्णधार श्रेयस अय्यर सोडला, पंजाबनं त्याला 26.75 कोटींना घेतला. कोलकात्याच्या चाहत्यांना वाईट वाटलं, पण अय्यरवर न खर्चलेला पैसा थैलीतच राहिला आणि दुसऱ्या कुणावर तरी लागला. थैली बंद आहे. एक खेळाडू गेला की तेवढी जागा रिकामी होते.

एनबीएमध्ये असं नसतं. तिथेही सॅलरी कॅप म्हणजे पगारमर्यादा आहे. 2025-26 साठी ती 15 कोटी 46 लाख डॉलर होती. पण ही मर्यादा ओलांडायला संघांना रीतसर परवानगी आहे, काही ठरावीक दारांनी. म्हणून जवळजवळ सगळेच संघ तिच्या वर असतात. मर्यादेच्या खाली असाल तर बाहेरच्या कुठल्याही मुक्त, म्हणजे करार संपलेल्या, खेळाडूला तेवढ्या जागेत घेता येतं. मर्यादेच्या वर असाल तर फक्त त्या दारांतूनच आत येता येतं, आणि प्रत्येक दाराची उंची वेगळी आहे.

त्यातलं सर्वात उंच दार म्हणजे "बर्ड हक्क". लॅरी बर्ड या बोस्टनच्या महान खेळाडूच्या नावानं तो ओळखला जातो. नियम असा की तुमच्या संघात किमान तीन हंगाम असलेला खेळाडू मुक्त झाला, तर त्याला परत करारबद्ध करताना पगारमर्यादा आड येत नाही. तुम्ही कितीही वर असा, आपल्या माणसाला नियमात बसणारा सर्वोच्च पगार देऊ शकता. उद्देश चांगला आहे. ज्या गावानं खेळाडूला मोठं होताना पाहिलं त्या गावाला त्याला राखून ठेवण्याची जास्त संधी मिळावी.

पण हा हक्क त्या एका माणसाला चिकटलेला असतो. तो गेला की हक्कही गेला. टर्नरला बाजूला काढलं तरी इंडियानाच्या बाकीच्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज 16 कोटी डॉलरच्या पुढे जात होती. एकट्या हॅलिबर्टन आणि पास्कल सियाकमचेच मिळून 9 कोटींच्या वर. म्हणजे टर्नर नसतानाही संघ मर्यादेच्या वरच. टर्नरला इंडियाना वर्षाला अडीच कोटी देऊ शकत होती, पण तेच अडीच कोटी दुसऱ्या कुणाला देण्याचा रस्ता तिच्यापाशी नव्हता. उरलं ते "मिड-लेव्हल" नावाचं छोटं दार. त्या वर्षी ते जास्तीत जास्त 1 कोटी 41 लाखांचं होतं. त्याच्याखाली किमान पगाराचे करार.

भाच्याला मी हे असं समजावलं. गावच्या घरात तुझ्या आजीच्या नावानं एक खोली आहे. आजी आहे तोवर खोली आपली. आजी गेली की ती खोली दुसऱ्याला भाड्यानं देता येत नाही, खोलीच नाहीशी होते. तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे टर्नरचे पैसे वाचलेच नाहीत?" मालकाचे वाचले. संघाचे नाही. उन्हाळ्यातल्या भांडणांत हा फरक सगळ्यात जास्त वेळा निसटतो.

यात मनाला लागणारी एक गोष्ट आहे. लॅरी बर्ड मूळचा इंडियाना राज्यातला. निवृत्तीनंतर तो पेसर्सचा प्रशिक्षक झाला, पुढे संघाच्या कारभाराचा प्रमुख झाला. 2015 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अकराव्या क्रमांकावर टर्नरला निवडलं ते बर्डच्याच कारकिर्दीत. ज्याच्या नावाचा हक्क, त्यानंच आणलेला खेळाडू, त्याच गावातून तो हक्क न वापरला जाता गेला.

मालक खरंच कंजूस होता का?

इथे दुसरी रेषा येते, लक्झरी टॅक्सची. 2025-26 मध्ये ती 18 कोटी 79 लाख डॉलरवर होती. तिच्यावर गेलेल्या प्रत्येक डॉलरमागे संघाच्या मालकाला लीगकडे दंड भरावा लागतो. सुरुवातीच्या टप्प्यात डॉलरला एक डॉलर, पण टप्पे चढत जातात आणि तिसऱ्या टप्प्यात डॉलरमागे साडेतीन डॉलर होतात. जे संघ मागच्या चारपैकी तीन वर्षं हा कर भरत आलेत त्यांची सुरुवातच तीन डॉलरपासून. शिवाय जमा झालेल्या करातला वाटा कर न भरणाऱ्या संघांना मिळतो. म्हणजे रेषा ओलांडली की देणं सुरू होतं आणि येणं बंद होतं, दोन्ही एकदम.

टर्नरला अडीच कोटींच्या आसपास दिले असते तर इंडियाना ही रेषा ओलांडत होती. पेसर्सनी 2005-06 नंतर हा कर भरलेला नव्हता. इंडियानापोलिस हे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिससारखं पैशाचं शहर नाही, टीव्ही आणि तिकिटांचं उत्पन्न त्या मानानं कमी. संघाचे प्रमुख केविन प्रिचर्ड यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की कर भरायची तयारी होती. चाहत्यांचा मोठा भाग यावर विश्वास ठेवायला तयार नव्हता. वीस वर्षं जे घडलं नाही ते यंदा घडणार होतं हे कसं मानायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच गैर नाही.

माझं मत असं आहे. हॅलिबर्टन धडधाकट असता तर इंडियानानं टर्नरला सोडलं नसतं. सातव्या सामन्यात त्याचा पाय गेला आणि पुढचा अख्खा हंगाम तो खेळणार नाही हे नक्की झालं. ज्या हंगामात चषकाची आशाच नाही त्या हंगामासाठी वीस वर्षांत पहिल्यांदा कर भरायचा का, हा प्रश्न मालकासमोर आला तेव्हा हात आखडला गेला असणार. याला मी कंजूसपणा म्हणणार नाही. पण अंदाज चुकला हे नक्की म्हणेन. त्या उन्हाळ्यात मर्यादेखाली भरपूर जागा असलेला संघ जवळपास एकच होता, ब्रुकलिन. टर्नरला बाहेर कुणी मोठी रक्कम देऊच शकणार नाही, घासाघीस करायला आपल्याला वेळ आहे, असं इंडियानाला वाटत असावं. मिलवॉकीकडे तर जागा नव्हतीच. 30 जूनला तरी नव्हती.

मिलवॉकीनं जागा कुठून आणली

याचं उत्तर एप्रिलमध्ये आहे. 27 एप्रिल 2025 ला, चषकासाठीच्या बाद लढतींच्या पहिल्या फेरीत, याच इंडियानाविरुद्ध खेळताना, मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डचं ॲकिलीस तुटलं. वय 34. दोन वर्षांचा करार बाकी आणि त्यात 11 कोटी 26 लाख डॉलर देणं. या दुखापतीतून परतायला साधारण वर्ष जातं, म्हणजे पुढचा हंगाम जवळजवळ फुकट. असा खेळाडू दुसऱ्या संघाच्या गळ्यात घालायचा तर बरोबर चांगले ड्राफ्ट पिक, म्हणजे त्या निवडीतल्या आपल्या पाळ्या, द्यावे लागतात, आणि मिलवॉकीची ती शिदोरी आधीच्या व्यवहारांत बरीचशी संपली होती.

तेव्हा त्यांनी केलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. लिलार्डचा करार मोडून त्याला मोकळं केलं आणि देणं "स्ट्रेच" केलं. एनबीएत खेळाडूचे पैसे हमीचे असतात, त्याला काढून टाकलं तरी द्यावे लागतात. पण नियम सांगतो की काढून टाकलेल्या खेळाडूचं उरलेलं देणं लांबवता येतं. उरलेली वर्षं गुणिले दोन, अधिक एक. लिलार्डची दोन उरली होती, म्हणजे पाच वर्षं. 11 कोटी 26 लाख भागिले पाच, वर्षाला सुमारे 2 कोटी 25 लाख. 2025-26 मध्ये लिलार्डचे जे 5 कोटी 41 लाख हिशोबात धरले जाणार होते तिथे आता सव्वादोन कोटी. तीन कोटींच्या वर जागा निघाली. ब्रूक लोपेझ हा जुना सेंटर क्लिपर्सकडे गेला होताच. मग टर्नरला चार वर्षांचा, 10 कोटी 70 लाख डॉलरहून थोडा जास्तीचा करार.

यात खोच कुठे आहे? लिलार्डचे सव्वादोन कोटी 2029-30 पर्यंत दर वर्षी मिलवॉकीच्या पगारपत्रकात बसून राहणार. खेळाडू नाही, पण त्याची ओळ आहे. अमेरिकेत याला "डेड मनी" म्हणतात. त्यामुळे टर्नर मिलवॉकीला खरा केवढ्याला पडला हे मोजायचं तर वर्षाला त्याचे स्वतःचे अडीच-पावणेतीन कोटी अधिक हे सव्वादोन कोटी. पाच कोटींच्या घरात. तेवढ्या पगाराचे खेळाडू लीगमध्ये मोजकेच असतात, आणि टर्नर हा चांगला, उपयोगी, लांबून बास्केट टाकणारा आणि रिंगखाली शॉट अडवणारा सेंटर असला तरी त्या पंक्तीतला नाही. मिलवॉकीच्या कारभाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. यानिस आंतेतोकूंपो संघात आहे तोवर जिंकायचं, त्याला "आम्ही हातावर हात धरून बसलो नाही" हे दाखवायचं, आणि 2029 चं 2029 मध्ये बघू, असा तो जुगार होता. मी त्या जागी असतो तर हे केलं नसतं. पण यानिससारखा खेळाडू गमावण्याची भीती डोक्यावर असताना माणूस काय करेल हे घरी बसून ठरवणं सोपं आहे, हेही मी भाच्याला सांगितलं.

लिलार्डचं काय झालं? तो आपल्या जुन्या गावी पोर्टलंडला परतला, तीन वर्षांच्या 4 कोटी 20 लाखांच्या करारावर, आणि मिलवॉकीकडून येणारे पैसे चालूच. एका दुखापतीतून एका माणसाचं घरी परतणं झालं आणि दुसऱ्याचं घर सुटलं.

टर्नरनं दगा दिला का? भाचा अजूनही हो म्हणतो. मला तसं वाटत नाही. एकोणिसाव्या वर्षी आलेला मुलगा एकोणतिशीत जातो. मधल्या काळात जवळजवळ दर हंगामात त्याचं नाव ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीच्या, अफवांत होतं. इंडियानाचा देकार मिलवॉकीपेक्षा कमी होता असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. ॲकिलीस तुटलेले तीन मोठे खेळाडू त्यानं दोन महिन्यांत पाहिले होते, त्यातला एक आपल्याच संघातला. अशा वेळी जो पूर्ण चार वर्षांची हमी देतो त्याच्याकडे जाणं हा दगा नाही.

ॲप्रन: चॅम्पियन संघ मोडणारी रेषा

तीन खेळाडू म्हटलं, त्यातला मधला बोस्टनचा जेसन टेटम. 12 मे 2025, न्यूयॉर्कमध्ये, हॅलिबर्टनसारखाच उजवा पाय, तीच इजा. बोस्टननं 2024 मध्ये आपलं अठरावं विजेतेपद जिंकलं होतं. 2025 मध्ये त्या संघातून ड्रू हॉलिडे पोर्टलंडला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला, अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला आणि ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला गेला. बोस्टनच्या चाहत्यांचा संताप समजण्यासारखा होता. हॉलिडेच्या बदल्यात एकटा अँफर्नी सायमन्स, एवढंच? चषकात एवढा वाटा असलेल्या माणसाची किंमत एवढीच?

इथे तिसरी आणि चौथी रेषा समजून घ्यायला हवी. 2023 मध्ये खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात नवा करार झाला. त्यात लक्झरी टॅक्सच्या वर दोन "ॲप्रन" पक्के केले. 2025-26 मध्ये पहिला 19 कोटी 59 लाखांवर, दुसरा 20 कोटी 78 लाखांवर. टॅक्सची शिक्षा पैशाची असते आणि श्रीमंत मालक ती सोसू शकतो. ॲप्रनची शिक्षा संघबांधणीचे हातच बांधते. दुसऱ्या ॲप्रनच्या वर गेलेल्या संघाला मिड-लेव्हलचं दार बंद. ट्रेडमध्ये जेवढा पगार पाठवला त्याहून एक डॉलरही जास्त परत घेता येत नाही. दोन मध्यम पगाराचे खेळाडू एकत्र करून त्या बेरजेवर एक मोठा खेळाडू आणता येत नाही. व्यवहारात रोख पैसे घालता येत नाहीत. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक गोठतो, म्हणजे तो विकता येत नाही. आणि पुढच्या चार हंगामांपैकी दोनदा पुन्हा ती रेषा ओलांडली तर तो पिक, संघ कितीही वाईट खेळला तरी, फेरीच्या शेवटी ढकलला जातो.

टेटम वर्षभर बाहेर. सगळे तसेच ठेवले असते तर पगार आणि कर मिळून बोस्टनचा पुढचा खर्च 50 कोटी डॉलरच्या आसपास जाईल असे अंदाज होते. तेवढे घालूनही चषकाची शक्यता क्षीण, आणि वर हात बांधलेले. म्हणून हॉलिडेसाठी मिळालेला मोबदला सायमन्स एवढाच नव्हता. जे मिळालं ते म्हणजे दुसऱ्या ॲप्रनच्या खाली उतरणं, आणि व्यवहार करायचं स्वातंत्र्य. ते कुठल्याही फलकावर दिसत नाही, पण कारभाऱ्यासाठी त्या उन्हाळ्यात त्याहून महाग काही नव्हतं. समोरच्या संघांनाही बोस्टनची नड ठाऊक होती. ज्याला विकायचंच आहे त्याला भाव मिळत नाही, हे मार्केट यार्डात टोमॅटोच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा.

बोस्टनच्या चाहत्यांना मी एवढंच म्हणेन की तुमचा राग रास्त आहे, फक्त त्याचा पत्ता चुकला आहे. कारभारी ब्रॅड स्टीव्हन्स यांच्यावर तो काढण्यात अर्थ नाही. राग धरायचाच तर 2023 च्या नियमांवर धरा. आणि तिथेही दुसरी बाजू आहे. हेच नियम नसते तर सगळ्यात श्रीमंत तीन-चार संघांनी सगळे तारे गोळा केले असते. 2016 मध्ये टीव्हीच्या नव्या करारामुळे पगारमर्यादा 7 कोटींवरून एकदम 9 कोटी 41 लाखांवर गेली, आणि 73 सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटनं त्या जागेत केविन ड्युरांटला आणलं. त्यानंतरची दोन वर्षं निकाल आधीच ठरल्यासारखा होता. आता मर्यादा वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, ती त्याच अनुभवाची देणगी. इंडियानापोलिस आणि ओक्लाहोमा सिटी अशा दोन लहान शहरांत 2025 ची अंतिम मालिका झाली, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला.

जिथे आकड्यांनी उत्तर मिळत नाही

हे सगळं वाचून असं वाटेल की कारभारी नेहमीच बरोबर असतात आणि चाहत्यांना फक्त हिशोब कळत नाही. तसं मुळीच नाही. 2 फेब्रुवारी 2025 ला डॅलसनं लुका डॉनचिचला लेकर्सकडे पाठवलं आणि मुख्यतः अँथनी डेव्हिस, सोबत मॅक्स क्रिस्टी आणि 2029 चा एक पिक घेतला. डॉनचिच 25 वर्षांचा, आदल्याच वर्षी संघाला अंतिम मालिकेत नेलेला. डेव्हिस 31 वर्षांचा. इथे कुठल्याही रेषेनं डॅलसचा गळा धरलेला नव्हता. येत्या उन्हाळ्यात डॉनचिचला पाच वर्षांसाठी सुमारे 34 कोटी 50 लाख डॉलरचा करार द्यावा लागला असता हे खरं, पण असा खेळाडू मिळावा म्हणूनच बाकीचे संघ वर्षानुवर्षं झुरतात. हा निव्वळ माणसाच्या पारखीचा निर्णय होता. डॅलसच्या मैदानात प्रेक्षक महिनोन्‌महिने "फायर निको" ओरडत राहिले. नोव्हेंबर 2025 मध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना संघानं काढलं. पहिल्या रात्री जे चाहत्यांना दिसलं ते मालकाला नऊ महिन्यांनी दिसलं.

म्हणून मी भाच्याला सांगतो, आधी शोध की या निर्णयामागे कुठली रेषा होती का. असेल तर ती रेषा धरून वाद घाल. नसेल तर खुशाल ओरड. "खेळाडू चांगला आहे का" हा प्रश्न ऑक्टोबरपासून जूनपर्यंतचा. जुलैत प्रश्न असतो तो चांगला खेळाडू, या पगारात, या वर्षी, या संघाच्या कुठल्या रेषेवर जाऊन बसतो हा. तोच टर्नर एका संघाला कराच्या वर नेत होता आणि दुसऱ्याला पाच वर्षांच्या देण्यात टाकत होता. खेळ त्याचा दोन्हीकडे तोच.

जाता जाता तारखांचं थोडं. 30 जूनला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहा वाजले, म्हणजे आपल्याकडे 1 जुलैला पहाटे साडेतीन, की इतर संघांच्या मुक्त खेळाडूंशी बोलणी खुली होतात. पण बहुतेक करारांवर सही 6 जुलैपासूनच. 2025 मध्ये तो दिवस आषाढी एकादशीचा होता. मधल्या दिवसांत जे काही "झालं" म्हणून ऐकतो ते शब्दावरचं असतं, कागदावरचं नाही. 2015 मध्ये डीआंद्रे जॉर्डननं डॅलसला होकार देऊन याच दिवसांत शब्द फिरवला होता आणि क्लिपर्सकडेच राहिला. टर्नरही फिरेल अशी आशा भाच्यानं ते पाच दिवस धरून ठेवली होती. आमच्याकडे साबुदाणा खिचडी खाता खाता त्यानं फोन पाहिला आणि बाजूला ठेवून दिला.

इंडियानाच्या कारभाराबद्दल एक गोष्ट मात्र मला कौतुकानं सांगायची आहे, कारण टर्नरच्या गदारोळात ती दबली. जूनमध्ये अंतिम मालिका चालू असतानाच, हॅलिबर्टन पडण्याच्या काही दिवस आधी, इंडियानानं न्यू ऑर्लिन्सशी एक छोटा व्यवहार केला होता. 2025 चा आपला तेविसावा पिक देऊन, पूर्वी दुसऱ्याच्या हाती गेलेला 2026 चा स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक परत घेतला. तेव्हा इंडियाना अंतिम मालिकेत होती, त्यामुळे तो पिक पुढच्या वर्षीही तळाचाच असेल असं सगळ्यांना वाटलं. हॅलिबर्टन पडला आणि रातोरात त्याची किंमत बदलली. त्याच्याशिवाय संघ हरत राहणार, आणि हरणाऱ्या संघाचा पिक वर चढतो. न्यू ऑर्लिन्सचे चाहते यावरून आपल्या कारभाऱ्यांवर तुटून पडले, पण दुखापत कुणाला दिसणार होती? निर्णय चांगला होता की नशीब चांगलं होतं हे वेगळं काढणं कधी कधी अशक्य असतं. टर्नरच्या जागी इंडियानानं मेम्फिसकडून जे हफ आणला, उंच, शॉट अडवणारा, लांबून टाकणारा आणि अगदी स्वस्त. मोठं दार नसलं की कारभारी अशाच फटी शोधतात.

3 नोव्हेंबर 2025 ला मिलवॉकीचा संघ इंडियानापोलिसला खेळायला गेला. आपल्याकडे ती 4 तारखेची पहाट. सामन्यात पेसर्सनी टर्नरच्या दहा वर्षांची चित्रफीत मोठ्या पडद्यावर दाखवली. तरीही त्याच्या हातात चेंडू आला की प्रेक्षक हुर्यो उडवत होते. शेवटच्या क्षणी यानिसनं बास्केट टाकला आणि मिलवॉकी जिंकली. भाचा त्याच्या घरून फोनवर माझ्याबरोबर सामना पाहत होता. पडद्यावर टर्नरचं जुनं, तरुण, पेसर्सच्या निळ्या-पिवळ्या गणवेशातलं चित्र आलं, तेव्हा तो म्हणाला, "मामा, याच्यासाठी तरी टाळ्या वाजवायच्या होत्या त्यांनी."